बिअरचे पारखी

१५५६ साली इंग्लंडमधल्या स्ट्रॅटफर्ड गावाने जॉन शेक्सपिअर या हातमोजे शिवणाऱ्या गृहस्थाला गावची एल, म्हणजे तिथली बिअर, चाखून तपासण्याचं काम दिलं. त्याच्या मुलाचा, नाटककार विल्यमचा, जन्म व्हायला अजून आठ वर्षं होती. या नेमणुकीमागे जुना कायदा होता. तेराव्या शतकापासून तिथे पाव आणि एल यांचे भाव धान्याच्या भावाशी बांधून दिलेले होते. घरी एल तयार झाली की दाराबाहेर काठीला झुडूप किंवा केरसुणी बांधून खूण करायची. मग पारखी यायचा, घोट घ्यायचा, माप बघायचा आणि विक्रीला परवानगी द्यायचा. एल पाणचट निघाली किंवा माप कमी भरलं तर दंड व्हायचा. मध्ययुगात खेडोपाडी हा धंदा मुख्यतः बायकांच्या हातात असल्यामुळे दंड भरणाऱ्यांच्या जुन्या नोंदींत त्यांचीच नावं फार.

पारखी बाकावर एल सांडून त्यात कातडी विजार घालून बसायचा आणि विजार चिकटते की नाही यावरून निवाडा द्यायचा, ही गोष्ट आजही रंगवून सांगितली जाते. त्या काळच्या कागदपत्रांत तिला आधार नाही. जीभ आणि माप एवढ्यावरच त्याचं काम चालायचं.

पुढे घरगुती चुली मागे पडल्या, कारखाने आले आणि चवीचा निवाडा कारखान्याच्या भिंतींआड गेला. इंग्लंडमधल्या बर्टन गावची पेल एल जहाजातून महिनोन्‌महिने प्रवास करून मुंबई-कलकत्त्याला पोहोचू लागली. एवढ्या लांबवर माल पाठवायचा तर प्रत्येक पिंप सारखंच उतरायला हवं. या सारखेपणाच्या ध्यासातून विज्ञानाला मोठी देणगी मिळाली. डब्लिनच्या गिनेस कंपनीत १८९९ साली रुजू झालेल्या विल्यम गॉसेटपुढे प्रश्न होता, की सातूचे आणि हॉप्सचे (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचे) मोजकेच नमुने हाती असताना निष्कर्षावर कितपत विसंबायचं? त्याचं उत्तर त्याने १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने छापलं. संख्याशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला भेटणारी टी-टेस्ट ती हीच. १९४०च्या दशकात कोपनहेगनच्या कार्ल्सबर्गमध्ये तीन पेल्यांची चाचणी आकाराला आली. दोन पेल्यांत एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी. चाखणाऱ्याने वेगळा पेला ओळखायचा. अंदाजाने ठोकून दिलं तरी तीनातून एकदा उत्तर बरोबर येतं, म्हणून पुष्कळ चाखणारे आणि पुष्कळ फेऱ्या लागतात.

हे सगळं ज्ञान पक्कं होतं, पण ते कंपनीच्या मालकीचं होतं. पिणाऱ्याला त्यातलं काहीच मिळत नव्हतं.

याचा परिणाम ब्रिटनमध्ये १९६०च्या दशकात दिसला. सहा बड्या कंपन्यांनी बाजार व्यापला. पिंपातच आंबत राहणारी जिवंत एल पबांतून हटू लागली आणि तिच्या जागी गाळलेली, पाश्चरीकरण केलेली, वायूच्या दाबाने भरलेली केग बिअर आली. टिकायला सोपी, सगळीकडे सारखी आणि चवीला मुकी. १९७१ मध्ये आयर्लंडला सुट्टीवर गेलेल्या चार तरुण इंग्रजांनी जिवंत एल वाचवण्यासाठी ‘कॅम्रा’ ही ग्राहकांची चळवळ सुरू केली. १९७८ पासून ती ब्रिटनच्या सर्वोत्तम बिअरचा किताब देऊ लागली. चारशे वर्षांपूर्वी गावाने नेमलेला पारखी आता पिणाऱ्यांनी स्वतःतून उभा केला.

तरी निवाड्याला मोजपट्टी लागते. ती बऱ्याच अंशी लीड्सच्या मायकेल जॅक्सन या पत्रकाराने दिली. १९७७च्या आपल्या ग्रंथात त्याने जगभरच्या बिअरची शैलींनुसार मांडणी केली. तिचं मोल एका उदाहरणावरून कळेल. बव्हेरियाच्या गव्हाच्या बिअरला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. दोन्ही वास यीस्टमधून येतात आणि तिथे ते हवेच असतात. तोच केळ्याचा वास पिल्सनर या स्वच्छ चवीच्या बिअरला आला तर पंच गुण कापतो. शैली ठाऊक नसेल तर ‘आवडली’ आणि ‘नाही आवडली’ यापलीकडे बोलणं जात नाही.

दोषांनाही नावं मिळाली. १९७९ मध्ये मॉर्टन मायलगार्ड या डॅनिश रसायनतज्ज्ञाने सहकाऱ्यांसह बिअरच्या चवी-वासांचं चक्र मांडलं. लोण्याचा वास म्हणजे डायअॅसिटिल हे द्रव्य. हिरवं सफरचंद म्हणजे अॅसिटाल्डिहाइड, बिअर अजून कच्ची. ओला पुठ्ठा म्हणजे हवा लागून शिळी झालेली. पारदर्शक बाटली उन्हात राहिली तर प्रकाशाने हॉप्समधली द्रव्यं बदलतात आणि उग्र दुर्गंधी सुटते. प्रत्येक नावामागे कारण आहे आणि कारण कळलं की उपाय सापडतो. छोट्या ब्रूअरीकडे प्रयोगशाळा नसते, त्यामुळे हा शब्दसंग्रह तिला महागड्या यंत्राइतका उपयोगी पडला.

अमेरिकेत १९७०च्या दशकाअखेर ब्रूअरी शंभराच्या आत उरल्या होत्या. आज त्या नऊ हजारांहून जास्त आहेत. १९७८च्या केंद्रीय कायद्याने घरी बिअर करण्याची वाट मोकळी झाली, १९८२ मध्ये कोलोरॅडोत राष्ट्रीय महोत्सव भरला. सुरुवातीला तिथे विजेता प्रेक्षकांच्या मतांवर ठरे. गर्दीच्या मतावर नावाचा आणि प्रचाराचा पगडा बसतोच. १९८७ पासून पंच नाव झाकून चाखू लागले, आणि ही सुधारणा फार मोलाची होती.

दरम्यान १९८५ मध्ये हौशी पंचांना परीक्षा घेऊन तयार करणारी संस्था उभी राहिली. तिच्या गुणपत्रिकेत एकूण ५० गुण : वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या भरीवपणाला ५ आणि एकंदर परिणामाला १०. नावाऐवजी फक्त आकडा लिहिलेल्या पेल्यांतून बिअर येते. उडून जाणारे गंध आधी निसटतात, म्हणून प्रथम वास. सौम्य बिअर आधी, कडू आणि दाट नंतर. मध्ये पाणी आणि कोरडा पाव. पंचांनी आपापलं मत लिहून पूर्ण केल्याशिवाय एकमेकांशी बोलायचं नाही. बिअर करणाऱ्याला शेवटी गुणांसह सविस्तर अभिप्राय मिळतो. पदकापेक्षा तो कागद त्याच्या जास्त कामाचा.

महाराष्ट्रात छोट्या ब्रूअरींची ही परंपरा उशिरा आली. २००९ मध्ये पुण्यात ‘डूलाली’ सुरू झाली, राज्यातली पहिली मायक्रोब्रूअरी. मागून पुण्या-मुंबईत इतर आल्या. चाखण्यासाठी छोट्या पेल्यांचा संच मागवता येतो आणि बिअर करणारा पुष्कळदा तिथेच भेटतो. चव खटकली तर त्याला नेमकेपणाने सांगावं, कारण त्यावर काहीतरी करता येतं. लोण्याचा वास दोन ठिकाणांहून येऊ शकतो. यीस्टने ते द्रव्य परत शोषून घेण्याआधीच टाकी घाईने थंड केली असेल, तर पुढच्या घाण्याला एक-दोन दिवस जास्त द्यावे लागतात. नळापर्यंतची नळी न धुतल्याने तिच्यात जीवाणू वाढले असतील, तर ती त्याच संध्याकाळी साफ करता येते.