मुंबईच्या गिरणी उद्योगातील वाटाघाटी आणि कामगार सदस्यांचा सहभाग : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

कामगार संघटना मालकांशी करार करते, तेव्हा तो सदस्यांच्या नावाने होतो. तो ठरविण्यात सदस्यांचा वाटा किती असतो, हा प्रश्न मात्र उपेक्षित राहतो. प्रस्तुत निबंधात मुंबईच्या कापड गिरण्यांच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे.

गिरणी समित्यांचा प्रयोग :

१९२८ च्या सार्वत्रिक संपात ना. म. जोशी, श्रीपाद अमृत डांगे प्रभृती नेत्यांच्या संयुक्त संप समितीने १७ मागण्या मांडल्या. याच संपात स्थापन झालेल्या गिरणी कामगार युनियनचे अध्यक्ष अर्जुन आळवे हे स्वतः गिरणी कामगार होते. संपानंतर युनियनने गिरणीवार समित्या उभारल्या. खात्यातील गाऱ्हाणे घेऊन कामगारच व्यवस्थापकासमोर जाऊ लागले. मालकांना हा शिस्तभंग वाटला. मार्च १९२९ मध्ये मीरत खटल्यासाठी प्रमुख नेत्यांना अटक झाली. त्याच वर्षीचा दुसरा संप फसला आणि या समित्याही मोडल्या.

कायद्याने दिलेले प्रतिनिधित्व :

१९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध अधिनियमाने ‘प्रातिनिधिक संघटना’ ही संकल्पना दृढ केली. अशा संघटनेचा करार उद्योगातील सर्व कामगारांवर बंधनकारक ठरला. तिची निवड गुप्त मतदानाने नव्हे, तर नोंदणीकृत सदस्यसंख्येच्या आधारे होत असे. कापड गिरण्यांत हे स्थान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होते. या व्यवस्थेने वाटाघाटींना स्थैर्य दिले, हे नाकारता येत नाही. परंतु करार नापसंत असलेल्या कामगाराला तो नाकारण्याचा परिणामकारक मार्ग उरला नाही.

१९८२ चा संप :

१९८१ मध्ये बोनसच्या प्रश्नावरून हा असंतोष उफाळला आणि कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्याकडे गेले. १८ जानेवारी १९८२ पासून सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. वेतनवाढीइतकीच या अधिनियमाच्या रद्दीकरणाची मागणीही महत्त्वाची होती. कामगार ज्यांच्या मागे होते, त्यांना वाटाघाटीचा कायदेशीर अधिकार नव्हता. ज्यांना तो अधिकार होता, त्यांच्यामागे कामगार नव्हते. संपाची अधिकृत समाप्ती कधीच झाली नाही. हजारोंचा रोजगार मात्र कायमचा गेला. तथापि, संपकऱ्यांच्या बाजूनेही निर्णय बव्हंशी एका नेत्याभोवती केंद्रित झाले होते, हे नोंदविणे आवश्यक आहे.

निष्कर्ष :

कायद्याने ‘कोणी बोलावे’ हे ठरविले; ‘कोणाला विचारून बोलावे’ हे ठरविले नाही. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही एकमेव वाटाघाटी संघटनेसाठी ५१ टक्के सदस्यत्वाचा निकष आहे. कराराच्या मसुद्याला सदस्यांची संमती घेण्याचे बंधन नाही. गिरणी समित्या अल्पायुषी ठरल्या, तरी सदस्य स्वतः वाटाघाटी करू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले. गिरणगावच्या इतिहासातील या धड्याकडे कामगार चळवळीच्या अभ्यासकांनी अधिक लक्ष द्यावयास हवे.