मदतनीस विषाणूची कुळकथा

१९६५ साली अमेरिकेत पिट्सबर्गला बॉब अ‍ॅचिसन आणि त्यांचे सहकारी माकडांच्या अ‍ॅडिनोव्हायरसचा साठा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासत होते. अ‍ॅडिनोचे नव्वदेक नॅनोमीटरचे पैलूदार कण ओळखीचे. पण त्यांच्या आसपास जेमतेम पंचवीस नॅनोमीटरचे ठिपके दिसत होते. साठ्यात भेसळ झाली म्हणून फेकून द्यावं असाच प्रकार. ते ठिपके वेगळे काढून नुसत्या पेशींवर सोडले तर वाढेनात. अ‍ॅडिनोव्हायरस सोबत दिला की वाढत. म्हणून नाव पडलं अ‍ॅडिनो-असोसिएटेड व्हायरस, थोडक्यात एएव्ही.

१९८३ मध्ये अरुण श्रीवास्तव, केनेथ बर्न्स आणि सहकाऱ्यांनी त्याचा जनुकसंच वाचला. सुमारे ४७०० अक्षरं. 'रेप' आणि 'कॅप' ही दोनच मुख्य जनुकं. आयत्या बिळावर नागोबाच हा! पण मदतनीस अ‍ॅडिनो नसेल तर गप्प पडून राहणारा.

गप्प का, याचा एक धागा १९९१ मध्ये प्रिन्स्टनला थॉमस शेंक यांच्या प्रयोगशाळेत सापडला. 'रेप' जनुक जिथून सुरू होतं त्या जागेवर माणसाच्या पेशीतलंच एक प्रथिन बसून त्याला दाबून ठेवतं. अ‍ॅडिनोचं ई१ए प्रथिन आलं की तेच दाबणारं प्रथिन बाजू बदलतं आणि जनुक चालू करायला हातभार लावतं. या दुटप्पीपणावरून त्याचं नाव ठेवलं यिन-यांग १. मला या सगळ्या कथेत हाच प्रसंग जास्त रंगतदार वाटतो, कारण ई१ए काही एएव्हीसाठी तयार होत नाही. अ‍ॅडिनो ते स्वतःची जनुकं जागी करायला बनवतो. एएव्ही फुकटात साधून घेतो. वर उपकाराची फेड अशी, की त्याची रेप प्रथिनं अ‍ॅडिनोच्या काही जनुकांना दाबतात.

१९८४ पासून एएव्हीत परकी जनुकं घालून तो वाहक म्हणून वापरता येऊ लागला. पण साठा वाढवायला जिवंत अ‍ॅडिनोव्हायरस घालावा लागे आणि मग ५६ अंशांवर तापवून तो मारावा लागे. एएव्ही चिवट, तो तगून राही. १९९८ मध्ये जूड सामुल्स्की यांच्या गटाने अख्खा अ‍ॅडिनो वगळून ई२ए, ई४ आणि व्हीए एवढीच जनुकं एका प्लाझ्मिडवर दिली. ई१ लागलंच नाही, कारण ते एचईके-२९३ पेशींत आधीपासून होतं. फ्रँक ग्रॅहम यांनी १९७३ च्या सुमारास नेदरलँड्समध्ये लायडेनला मूत्रपिंडाच्या पेशींत अ‍ॅडिनोचा डीएनए घातला होता, त्यातूनच या पेशी आल्या. २९३ हा त्यांच्या प्रयोगाचा क्रमांक.

अमेरिकेत २०१७ साली मान्यता मिळालेलं डोळ्यांच्या आनुवंशिक अंधत्वावरचं लक्स्टर्ना हे एएव्ही-वाहक वापरणारं औषध याच पेशींत तयार होतं. उत्पादकांची आजची डोकेदुखी निराळीच आहे: पेशींतून निघणारी बरीच कवचं आतून रिकामी असतात आणि ती भरलेल्यांपासून निवडून काढावी लागतात.