आठ मीटरवरचा माणूस : मोटारसायकलच्या दिव्याची कहाणी

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १०६ वा नियम वाचताना एका अनोळखी माणसाची गाठ पडते. तो आपल्या दिव्यापासून ८ मीटर अंतरावर, उजवीकडे अर्धा मीटर सरून आहे आणि त्याचे डोळे जमिनीपासून दीड मीटर उंचीवर आहेत. त्या डोळ्यांना अंधारी येणार नाही इतका दिव्याचा झोत कायमचा खाली वळलेला असावा, असे हा नियम सांगतो. माणूस उजवीकडेच का, तर आपण रस्त्याच्या डाव्या अंगाने चालतो. समोरचा येतो तो उजवीकडून.

आजचा धागा या माणसाविषयी आहे. नागपूरसारख्या दुचाक्यांच्या शहरात त्याची काळजी कोण घेते, याचा शोध घेताना शंभर वर्षे मागे जावे लागते.

मोटारसायकलींच्या पहिल्या पिढीला वीज नव्हती. पुढे कार्बाइडचा दिवा असे. वरच्या कप्प्यातले पाणी खालच्या कॅल्शियम कार्बाइडच्या खड्यांवर थेंब थेंब पडे, त्यातून ॲसिटिलीन वायू निघे आणि काच उघडून काडी लावली की पांढरी ज्योत उभी राही. समोरून कोणी आले म्हणून हा दिवा चटकन मंद करता येत नसे. पाण्याची तोटी बंद केली तरी ओले झालेले खडे काही वेळ वायू सोडतच राहत. डोळे दिपण्याची तक्रार आणि गाडीचा प्रखर दिवा ही दोन्ही जवळजवळ एकाच वयाची आहेत.

विजेचा दिवा आला आणि तक्रार वाढली. तिच्यावरचा निर्णायक तोडगा १९२० च्या दशकाच्या मध्यास ओसराम या जर्मन कंपनीने काढला: एकाच बल्बमध्ये दोन तारा. एक तार आरशाच्या नाभीवर, तिचा झोत सरळ दूरवर जातो. दुसरी नाभीच्या किंचित पुढे, आणि तिच्या खाली धातूची छोटी वाटी. त्या वाटीमुळे प्रकाश आरशाच्या वरच्या अर्ध्या भागावरच पडतो आणि तिथून परावर्तित होऊन रस्त्याकडे वळतो. आपण ज्याला ‘डिपर’ म्हणतो तो हाच. ट्रकच्या पाठीवर ‘यूज डिपर ॲट नाईट’ असे रंगवणाऱ्या पेंटरने या वाटीचे उपकार फेडले आहेत.

इथे थोडे विषयांतर. आपल्याकडे दिव्याच्या काचेचा वरचा भाग काळा रंगवण्याची रीत दीर्घकाळ होती. काही ठिकाणी वाहतूक पोलीसच काळी पट्टी चिकटवीत. हेतू चांगला, गणित मात्र उलटे. डिपरचा बराचसा प्रकाश आरशाच्या वरच्या अर्ध्यातूनच येतो, म्हणजे काळ्या रंगाने आधी झाकला जातो तो आपल्या पायाखालचा रस्ता.

कायद्याचा प्रवास थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायदा १९३९ चा, त्याखालचे मध्य प्रांत व वऱ्हाडाचे नियम १९४० चे. तेव्हा नागपूर त्या प्रांताची राजधानी होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर मुंबई राज्यात आले, १९५९ मध्ये मुंबईचे मोटार वाहन नियम झाले, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. १९८८ चा नवा कायदा आणि त्यासोबत तो आठ मीटरवरचा माणूस १ जुलै १९८९ पासून अंमलात आले. नागपूरकराने गाडी एकाच गल्लीत लावली असेल, पण तिच्या खालची राज्ये बदलत गेली.

गाड्याही बदलल्या. १९५५ पासून मद्रासला बुलेट, पुढे म्हैसूरची जावा, एस्कॉर्ट्सची राजदूत, आकुर्डीची चेतक. यांतल्या अनेकींची वीज ६ व्होल्टची आणि मुख्य दिवा थेट इंजिनाच्या मॅग्नेटोवर चालणारा. इंजिन जोरात फिरले की दिवा प्रखर, गाडी मंदावली की दिवा पिवळा. खड्डा जवळ आल्यावर वेग कमी करावा, तर नेमका तेव्हाच खड्डा दिसेनासा होई. मग क्लच दाबून रेस द्यायची आणि त्या उजेडात खड्डा चुकवायचा. असा मिणमिणता दिवा माणसे थोडा वर उचलून ठेवत, म्हणजे दूरचे काहीतरी दिसेल. माझ्या मते आपल्या रस्त्यांवरच्या निम्म्या त्रासाचे मूळ त्या सवयीत आहे. हॅलोजन आला, एलईडी आली, दिव्याची मान मात्र वरच राहिली.

मान वर म्हणजे किती, याचा हिशेब सोपा आहे. दिवा जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर आहे आणि झोत दर मीटरला १ सेंटिमीटर खाली उतरतो असे धरू. ५० मीटरवर त्याची वरची कड ४० सेंटिमीटरवर असेल, म्हणजे मोटारीच्या बंपरच्या आसपास. आता दिवा फक्त १ अंश वर करा. तीच कड सुमारे ८७ सेंटिमीटर चढते आणि सव्वा मीटरच्या वर पोहोचते. मोटारचालकाचे डोळे तिच्या खाली, म्हणजे थेट झोतात येतात. स्क्रूचे काही फेरे, बस्स.

नागपुरात हा अंश महाग पडतो. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असे दोन मोठे राष्ट्रीय महामार्ग, पूर्वीचे ७ आणि ६, आताचे ४४ आणि ५३, इथेच एकमेकांना छेदतात. समृद्धी महामार्गावर दुचाकीला मज्जाव आहे. बुटीबोरीची रात्रपाळी सुटलेला कामगार वर्धा रोडवरूनच ट्रकांच्या सोबतीने घरी येतो. याच ४४ क्रमांकाने उत्तरेकडे शिवनीला जाताना, मध्य प्रदेशातल्या पेंचच्या जंगलात, वाहनांचा आवाज आणि उजेड प्राण्यांपर्यंत जाऊ नये म्हणून रस्त्याच्या कडेने भिंती उभारल्या आहेत. वर्धा रोडच्या कामगारासाठी कोणी भिंत उभारलेली नाही.

आणि कोणी तपासतही नाही. व्यावसायिक वाहनाला ठरावीक काळाने योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. खासगी मोटारसायकलची नोंदणी मात्र १५ वर्षांची. पीयूसीवाला धूर पाहतो, दिवा पाहत नाही. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिनासोबत आपोआप लागतो, बंद करायचे बटणच गेले. भर दुपारी समोरून येणारा हाताची मूठ उघडझाप करून ‘दिवा चालू आहे’ असे सांगायचा, ती प्रेमळ खूणही त्याबरोबर हळूहळू लोपते आहे. चुकलेला दिवा आता अहोरात्र चुकलेला असतो.

तेव्हा तपासणी घरीच. अंधार पडल्यावर सपाट जागा आणि समोर भिंत हवी. चाकांत हवा बरोबर भरावी, गाडी स्टँडवरून काढून सरळ धरावी आणि नेहमीच्या स्वाराने तिच्यावर बसावे, कारण रिकाम्या गाडीवर केलेले माप खोटे ठरते. गाडी भिंतीला टेकवून दिव्याच्या मध्याची उंची खडूने भिंतीवर खुणावावी, मग सरळ रेषेत ८ मीटर मागे यावे. डिपर लावावा. प्रखर भागाची वरची कड खुणेच्या सुमारे ८ सेंटिमीटर खाली यायला हवी. वर असेल तर दिव्याखालचा किंवा रिमच्या कडेचा स्क्रू थोडा थोडा फिरवावा; काही गाड्यांत बाजूचे दोन बोल्ट सैल करून अख्खा दिवाच वाकवावा लागतो. फिलॅमेंटच्या बल्बसाठी घडवलेल्या आरशात बाजारातली एलईडी बसवली असेल, तर प्रकाश भिंतभर विखुरतो, कड सापडतच नाही. तिथे स्क्रूचा इलाज नाही, मूळ बल्बच परत बसवावा.

मग मागे घरातले कोणी बसवून पुन्हा पाहावे. मागचे स्प्रिंग दबते, गाडीचे नाक उचलते आणि कड खुणेच्या वर सरकते. रोज डबलसीट जाणाऱ्याने हेच माप धरावे.