पूरके, प्रोबायोटिक व प्रीबायोटिक (वासरांची)
दुधातून वा खुराकातून दिलेले उपकारक जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक. त्यांचे खाद्य प्रीबायोटिक. नवजात वासराचे कोठीपोट अविकसित असते आणि दूध ते टाळून थेट चौथ्या कप्प्यात जाते, त्यामुळे सारी भिस्त आतड्यातील जंतूंवर. लॅक्टोबॅसिलस, यीस्ट, इन्युलिन ही प्रचलित पूरके. युरोपीय संघाने २००६ मध्ये वाढीसाठीच्या प्रतिजैविकांवर बंदी घातल्यावर या पूरकांचे महत्त्व वाढले. प्रतिजैविकाबरोबर दिलेले जिवाणू मरू शकतात, यीस्ट तगते. पेण तालुक्यातील गडबसारख्या कोकणी गावात पावसाळ्यात गोठा ओला राहिला की हगवणीचा धोका वाढतो. तिथे पूरक मदत करते, पण ते चिकाची, म्हणजे व्यायल्यानंतरच्या पहिल्या दुधाची, जागा घेत नाही. वासरू कोकण कपिला जातीचे असो वा संकरित, पहिल्या दोन तासांत चीक, कोरडी जागा, मग पूरकाचा डबा.