एका शहराची दोन तापमाने

मुंबईचे तापमान किती, या प्रश्नाला वेधशाळा एकच उत्तर कधी देत नाही. आकाशवाणीच्या बातम्या असोत की वर्तमानपत्राचा कोपरा, ‘कुलाबा इतके, सांताक्रूझ इतके’ असे दोन आकडे जोडीनेच येतात. मुंबईकरांच्या कानाला या जोडीची इतकी सवय आहे की त्यात काही विचारण्यासारखे आहे असे मोठ्यांना वाटत नाही. विद्यार्थी मात्र विचारतात. दोन ठिकाणांमधले सरळ अंतर चोवीस-पंचवीस किलोमीटर. मग एकाच दुपारी तिथे तीन-चार अंशांचा फरक कसा पडतो? आणि आकडे दोनच का, दहा का नाहीत? या प्रश्नांचे अर्धे उत्तर भूगोलाच्या पुस्तकात आहे. उरलेले अर्धे तापमापक कोणी, कोठे आणि कशासाठी ठेवले याच्या इतिहासात आहे, आणि तेच सहसा सांगितले जात नाही.

कुलाब्याची वेधशाळा १८२६ साली ईस्ट इंडिया कंपनीने उभारली ती हवामानासाठी नव्हे. बंदरात येणाऱ्या जहाजांना अचूक वेळ हवी असे. समुद्रात रेखांश काढायचा तर घड्याळ बिनचूक हवे, आणि घड्याळ बिनचूक ठेवायचे तर ताऱ्यांचे वेध घ्यायला हवेत. त्या काळी कुलाबा हे निराळे बेट होते. मुख्य बेटाशी त्याला जोडणारा रस्ता, म्हणजे आजचा कुलाबा कॉजवे, १८३८ मध्ये पुरा झाला. तोवर ओहोटीची वाट पाहायची किंवा होडी करायची.

१८४१ च्या सुमारास या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या आणि त्याबरोबर हवामानाच्या नियमित नोंदी सुरू झाल्या. एल्फिन्स्टनमधील प्राध्यापक ऑर्लिबार हे काम पाहत. ‘दर्पण’कार म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते बाळशास्त्री जांभेकर या वेधशाळेशी निगडित होते, आणि पुढे गणिती म्हणून नाव मिळवलेले केरो लक्ष्मण छत्रे तेथे दरमहा पन्नास रुपयांवर साहाय्यक होते. मराठी माणसाचा आधुनिक निरीक्षणशास्त्राशी पहिला संबंध आला तो या बेटावर, असे म्हणायला हरकत नाही. रात्रंदिवस ठरल्या वेळी उठून उपकरण वाचायचे आणि आकडा वहीत लिहायचा, हे काम दिसायला कंटाळवाणे. पण पावणेदोनशे वर्षांची जी नोंद आज आपल्या हाती आहे ती याच कंटाळ्यातून तयार झाली.

१८९६ मध्ये नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस हे वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांच्यापुढे लवकरच एक विचित्र अडचण आली. मुंबईत १८७४ पासून घोड्यांच्या ट्राम धावत होत्या. त्या विजेवर चालवायचे ठरले. विजेच्या ट्रामचा प्रवाह जमिनीतून वाहणार आणि त्यामुळे चुंबकाची नाजूक सुई थरथरणार हे उघड होते. तेव्हा मुंबईपासून दूर, अलिबागला, चुंबकीय नसलेल्या दगडाच्या इमारती बांधण्यात आल्या, आणि १९०४ पासून तेथे नोंदी सुरू झाल्या. मूस यांचा खरा शहाणपणा पुढेच आहे. त्यांनी कुलाब्याचे काम लगेच बंद केले नाही. दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमापे चालली. त्यामुळे जुना आणि नवा आकडा एकमेकांशी जुळवता आला आणि नोंदीची साखळी तुटली नाही. विजेची ट्राम १९०७ मध्ये धावू लागली तेव्हा सुई सुखरूप अलिबागला पोचलेली होती.

तापमापक मात्र कुलाब्यातच राहिले. चुंबकत्व मोजणाऱ्याच्या दृष्टीने शहर म्हणजे केवळ उपद्रव. त्यापासून पळून जाणे हेच बरोबर. उष्णता मोजणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. शहराने हवेत जो बदल केला तो उपद्रव नव्हे, तीच तर मोजण्याची वस्तू. पण ती मोजायची तर तापमापक शहराच्या नेमक्या कोणत्या भागात आहे आणि त्याच्या भोवती काय काय बदलत गेले, हे ठाऊक असले पाहिजे. बेटावरची वेधशाळा भरावांनी शहराला जोडली गेली, तिच्याभोवती वस्ती आणि छावणी वाढली, तरी तीन बाजूंचा समुद्र काही हटला नाही. कुलाब्याचा आकडा हा आजही बराचसा समुद्राचा आकडा आहे.

सांताक्रूझचे केंद्र आले विमानांमुळे. दुसऱ्या महायुद्धानंतर मुंबईचा मुख्य विमानतळ जुहूहून सांताक्रूझला गेला, आणि वैमानिकांना धावपट्टीजवळचीच हवा कळायला हवी असते. जहाजांसाठी कुलाबा, विमानांसाठी सांताक्रूझ! रहिवाशांना किती उकडते हे पाहण्यासाठी दोन्हींपैकी एकही जागा निवडलेली नव्हती, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. तेव्हा सांताक्रूझच्या आसपास मोकळी जमीन भरपूर होती. आज विमानतळाच्या कुंपणाला लागून देशातल्या अत्यंत दाट वस्त्यांपैकी काही आहेत. केंद्र बहुतेक तिथेच राहिले, पण त्याच्या भोवतालचे गाव बदलून गेले.

खारे वारे कधी येतात?

आता भूगोलाकडे वळू. समुद्राच्या पाण्याचे तापमान वर्षभरात फार तर पाच-सहा अंशांनी हलते. कुलाब्याची हवा या पाण्याला बिलगून असते. म्हणून तेथे दुपार फार तापत नाही आणि रात्र फार निवत नाही. जानेवारीत सांताक्रूझचे सरासरी किमान तापमान सतरा अंशांच्या आसपास असते, तर कुलाब्याचे त्याहून अडीच अंशांनी जास्त. जानेवारी १९६२ च्या थंडीत सांताक्रूझला ७.४ अंशांची नोंद झाली, त्याच महिन्यात कुलाबा ११.७ च्या खाली गेले नाही. उलट टोकाला, सांताक्रूझचा उच्चांक ४२.२ अंश आहे, एप्रिल १९५२ मधला.

हा उच्चांक मे महिन्यातला नाही, एप्रिलमधला आहे. मुंबईच्या इतर कडक दुपारीही मार्च-एप्रिलमध्येच सापडतात. मार्च १९५६ मध्ये ४१.७, मार्च २०११ मध्ये ४१.३. सूर्य तर मेमध्ये जास्त डोक्यावर असतो! वर्गात हा प्रश्न जरूर टाकावा. मेपर्यंत पश्चिमेचा वारा पक्का झालेला असतो. मार्चमध्ये त्याचे अजून बस्तान बसलेले नसते. देशाच्या अंतर्भागातून येणारा कोरडा, तापलेला पूर्वेचा वारा आणि समुद्रावरून येणारा खारा वारा यांची त्या महिन्यात ओढाताण चालते. एरवी खारे वारे अकरा-बाराच्या सुमारास सुरू होतात आणि पारा तिथेच अडतो. पूर्वेच्या वाऱ्याने त्यांना दुपारी दोन-अडीचपर्यंत रोखून धरले, की मधल्या दोन-तीन तासांत पारा चाळिशीकडे जातो. कुलाब्याला समुद्र पाऊलभर अंतरावर असल्यामुळे खारा वारा लवकर पोचतो. सांताक्रूझला उशिरा पोचतो. टेकड्यांच्या पलीकडच्या मुलुंड-ठाण्याला तर आणखी उशिरा आणि वाटेत तापून पोचतो.

येथे एक सावधगिरी हवी. कुलाबा आणि सांताक्रूझ यांची वजाबाकी केली म्हणजे ‘शहराची उष्णता’ निघाली, असे लेखांत कधीकधी गृहीत धरलेले दिसते. ते चूक आहे. लंडनमध्ये ल्यूक हॉवर्ड यांना अशी वजाबाकी करता आली. ढगांना आजची लॅटिन नावे देणारे हेच हॉवर्ड. पेशाने ते औषधे-रसायने तयार करीत. लंडनच्या हवामानावरील त्यांचा ग्रंथ १८१८ ते १८२० या काळात निघाला. शहरातले आणि बाहेरच्या खेड्यातले आकडे वर्षानुवर्षे शेजारी ठेवून त्यांनी दाखवले की रात्री शहर ३.७ अंश फॅरनहाइटने, म्हणजे सुमारे दोन अंश सेल्सिअसने, उबदार असते. दिवसा मात्र ते किंचित थंडच निघाले. शहर आपली साठवलेली ऊब रात्री सोडते, हे अशा रीतीने प्रथम कागदावर आले. पण लंडनला एका कुशीला समुद्र नव्हता. कुलाब्याची उबदार रात्र समुद्रामुळे किती आणि दगड-विटांमुळे किती, हे दोन केंद्रांवरून सांगता येत नाही.

त्यासाठी तापमापक फिरवावा लागतो. व्हिएन्नात विल्हेल्म श्मिट यांनी १९२७ मध्ये मोटारीला तापमापक लावून एका रात्रीत शहराचा आडवा छेद घेतला. आपल्याकडे डॅनियल आणि कृष्णमूर्ती या हवामानशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये पुणे व मुंबई शहरांतील तापमानाच्या वाटणीवर निबंध प्रसिद्ध केला. १९७६ मध्ये मुखर्जी व डॅनियल यांनी थंडीतल्या एका रात्रीचे मुंबईचे चित्र मांडले. अशा कामाचे महत्त्व हे की त्यात एकाच रात्री अनेक ठिकाणे एकमेकांशी ताडून पाहता येतात. समुद्रापासून सारख्याच अंतरावर असलेल्या दाट वस्तीची आणि मोकळ्या मैदानाची तुलना केली, तरच उरलेला फरक वस्तीच्या पदरी टाकता येतो.

२६ जुलै २००५ च्या प्रलयानंतर या दोन आकड्यांवरचा विश्वास जरा डळमळला. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला ७३. पुढे महानगरपालिकेने शहरभर स्वयंचलित केंद्रे बसवली. ती बसवली पावसासाठी, पण त्यांतली बरीच तापमानही नोंदवतात. म्हणजे पुन्हा एकदा उष्णतेची माहिती दुसऱ्याच कामाच्या पोटातून आली.

सावलीतला आकडा

या सर्व आकड्यांत एक गोष्ट समान असते आणि ती विद्यार्थ्यांना क्वचितच सांगितली जाते. तो आकडा सावलीतला असतो. पूर्वी भारतात अनेक ठिकाणी गवताने शाकारलेल्या उघड्या छपरीखाली तापमापक टांगत. पुढे पांढऱ्या रंगाची, झडपांची लाकडी पेटी सर्वत्र आली. तिचा आराखडा १८६४ मध्ये थॉमस स्टीव्हन्सन या दीपगृहे बांधणाऱ्या स्कॉटिश अभियंत्याने केला होता. (‘ट्रेझर आयलंड’च्या लेखकाचे हे वडील.) पेटीत तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, खाली गवत, वरून ऊन नाही, बाजूंनी वारा खेळता. शास्त्राला अशी शिस्त हवीच, नाहीतर मुंबई आणि नागपूर यांची तुलना कशी करणार? पण या पेटीतल्यासारखे कोणीही राहत नाही. पत्र्याखालच्या खोलीत छप्पर स्वतःच तापून खाली उष्णता फेकते, आणि रात्री वारा शिरायला वाट नसते.

दुसरी बाब घामाची. आपले शरीर थंड राहते ते घाम वाळल्यामुळे. ओल्या फडक्याने गुंडाळलेला तापमापक हे सोंग चांगले वठवतो. हवा ४० अंश आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल तर ओला तापमापक २२ अंशांच्या आसपास दाखवतो. हवा ३२ अंश आणि आर्द्रता ७० टक्के, म्हणजे मुंबईची मेमधली साधी दुपार, असेल तर तो २७ च्या आसपास जातो. विदर्भाचे ऊन सौम्य असते असा याचा अर्थ नव्हे. तेथे लू अंग भाजून काढते. पण ‘मुंबईत फक्त बत्तीसच’ या म्हणण्यात तथ्य नाही, एवढे यावरून नक्की दिसते. हवामान खात्यानेही हे ओळखून निकष वेगळे ठेवले आहेत. मैदानी प्रदेशात उष्णतेची लाट म्हणण्यासाठी कमाल तापमान निदान ४० अंश लागते, किनाऱ्यावर ३७ पुरते, आणि ते सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी जास्त असावे लागते. मात्र हा निकष पेटीतल्या तापमापकाला लावला जातो.

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या मोकळ्या मैदानावर ‘महाराष्ट्र भूषण’ पुरस्काराच्या सोहळ्याला लाखो लोक भर उन्हात तासन्‌तास बसले होते. उष्माघाताने चौदा जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी सर्वांत जवळच्या हवामान केंद्रातील कमाल तापमान ३८ अंश होते, असे सांगण्यात आले. आकडा खोटा नव्हता. पण तो मैदानाचा नव्हता. डोक्यावरचे ऊन, तापलेली जमीन, गर्दीत कोंडलेला वारा, खाडीकाठचा दमटपणा, यांतले काहीच त्या ३८ मध्ये मोजलेले नव्हते.

उपग्रहाने घेतलेले शहराचे लाल-निळे नकाशे अलीकडे सर्रास छापले जातात. त्यांतला आकडा छपरांच्या आणि रस्त्यांच्या पृष्ठभागाचा असतो, हवेचा नसतो. पत्र्याचे छप्पर दुपारी ५५ अंशांवर असले तरी त्याखालची हवा तितकी नसते. हे नकाशे कोठे जाऊन मोजायचे ते दाखवायला उत्तम, पण वेधशाळेच्या आकड्याशी त्यांची गाठ घालू नये.

शाळेत हे सारे थोड्या खर्चात पाहता येते. साधे दोन तापमापक घ्यावेत. आधी दोन्ही एकाच जागी आठवडाभर ठेवून त्यांच्यातला फरक लिहून घ्यावा. मूस यांनी कुलाबा-अलिबागला केले तेच हे. मग एक झाडाखाली सावलीत आणि दुसरा पत्र्याच्या वर्गात, छपराखाली हातभर अंतरावर टांगावा. मार्चमध्ये सकाळी दहा ते दुपारी चार दर पंधरा मिनिटांनी नोंद करावी, आणि शेजारच्या रकान्यात वाऱ्याची दिशा लिहावी. त्यासाठी गच्चीवरच्या काठीला बांधलेली कापडाची पट्टी पुरते. पट्टी पूर्वेच्या वाऱ्यावरून पश्चिमेच्या वाऱ्यावर फिरली ती वेळ मिनिटासकट टिपावी. झाडाखालच्या आलेखाची रेघ त्याच सुमारास वाकलेली दिसेल. पत्र्याखालची बहुधा तासभर तरी वाकत नाही.