वसई, बासाइं, बाजीपूर, बॅसीन

बोरिवलीहून निघालेली विरारची गाडी भाईंदर मागे टाकून खाडीच्या पुलावर येते, तेव्हा आपण साष्टी बेट सोडतो. ‘साष्टी’ म्हणजे षट्षष्टी, सहासष्ट गावांचा मुलूख. गोव्यातील साष्टीचे नावही याच गणतीतून आले. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही आम्हा उपनगरवासीयांची गावे याच बेटावरची. पण तिचा कारभार एकेकाळी खाडीपलीकडून, वसईच्या कोटातून चाले. आज वसई ही मुंबईची पायरी समजली जाते. पूर्वी नाते उलटे होते!

२३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने तह करून वसई व तिच्या अंमलाखालील प्रदेश पोर्तुगिजांना दिला. साष्टी आणि मुंबईची बेटे त्यातच आली. पुढे वसई त्यांच्या उत्तरेकडील मुलखाची राजधानी झाली. फ्रान्सिस्कन, येशूसंघीय, डॉमिनिकन अशा संघांची मंदिरे व मठ तटाच्या आत उभे राहिले.

मात्र गावाचे नाव फिरंग्यांनी आणलेले नव्हे. ‘वस्’ म्हणजे राहणे. वास, वसती, वसाहत हे सारे त्याच कुळातले. अबूच्या जैन देवालयांना विमलवसही, लूणवसही म्हणतात. त्यावरून वसईचेही मूळ एखाद्या देवालयात शोधण्याचा मोह होतो. पण आम्हाला ‘वस्ती’ हा साधा अर्थच अधिक पटतो.

पोर्तुगीज जिभेवर या नावाचे ‘बासाइं’ झाले. ‘व’चा ‘ब’ झाला आणि शेवटी अनुनासिक आले. येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. मुंबईला तेच लोक ‘बोंबाइं’ म्हणत. ‘बॉम्बे’ म्हणजे पोर्तुगिजांची ‘चांगली खाडी’, ही व्युत्पत्ती अनेकांनी शाळेत ऐकली असेल. पण वसईचे बासाइं होते तसे मुंबईचे बोंबाइं झाले, एवढे मानले की खाडीची कथा गळून पडते. शेवटचा ‘-आइं’ हा पाहुण्यांचा उच्चार, नाव इथलेच.

मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या वेढ्यापुढे कोट पडला. पोर्तुगीज शिबंदीला सन्मानाने बाहेर पडू दिले गेले. मराठ्यांनी गावाला ‘बाजीपूर’ हे नाव दिले, पण ते लोकांच्या तोंडी रुळले नाही. चर्चच्या घंटा मात्र दूर देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील घंटेवर १७२१ हे साल आजही वाचता येते.

१७८० मध्ये इंग्रजांनी वसई घेतली, सालबाईच्या तहाने ती परत गेली. आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने येथेच इंग्रजांशी तह करून पेशवाईचे स्वातंत्र्य गहाण टाकले. इंग्रजांच्या दप्तरात गाव ‘बॅसीन’ झाले. ब्रह्मदेशातील पाथेन शहरालाही ते ‘बॅसीन’च म्हणत, त्यामुळे जुन्या कागदांत हे कोणते बॅसीन, हे आधी पाहावे लागते.

ही खटपट निव्वळ हौसेची नाही. १५९७ मध्ये नागासाकी येथे क्रुसावर हौतात्म्य पत्करलेले आणि १८६२ मध्ये संतपदी चढलेले गोन्सालो गार्सिया वसईचे. परदेशी ग्रंथांत त्यांचे गाव बासाइं किंवा बॅसीन म्हणून भेटते. वसई शोधणाऱ्याला ते सापडणार नाही. आपल्या घराण्याचा मागोवा घेणाऱ्यांनीही हे ध्यानी ठेवावे. पोर्तुगीज गेले, तरी बागाईत कसणारे आणि समुद्रावर जाणारे ख्रिस्ती येथेच राहिले. दप्तरे बदलत होती तेव्हाही पाचूबंदरचा कोळी आपली होडी वसईच्याच किनाऱ्याला लावत होता.