विकतचा सेनापती

युद्धाचे डावपेच खेळायला लावणाऱ्या मोबाइलवरच्या खेळांत एक क्षण हमखास येतो. गाठीला बरीच पदके जमलेली असतात आणि समोर सेनापतींची यादी उघडते. ‘वर्ल्ड कॉन्करर’सारख्या खेळात गुडेरियन, झुकोव्ह, मॅनस्टाइन असे नामवंत ओळीने उभे असतात. प्रत्येकाच्या नावापुढे त्याच्या गुणांचे तारे असतात आणि खाली किंमत. खेळणारा हिशेब मांडतो: एवढ्या पदकांत हा घ्यावा, की थोडे थांबून तो घ्यावा? माझ्याकडे रणगाडेच कमी असतील तर रणगाड्यांचा सेनापती घेऊन काय करू?

हिशेब चोख असतो, पण तो एका गृहीतावर उभा असतो. एकदा किंमत मोजली की सेनापती आपला झाला. तो पगार मागत नाही, अटी घालत नाही, डाव हरताना दिसला म्हणून घोडा वळवून निघून जात नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानात सेनापतींचा असा बाजार खरोखरच भरला होता. तिथे मात्र हे गृहीत कुणालाच परवडणारे नव्हते. त्या बाजारातला सर्वांत गाजलेला सौदा महादजी शिंद्याने केला. तो सौदा फायद्याचा होता का, या प्रश्नाचे उत्तर १७९० साली एक होते आणि १८०३ साली दुसरे.

महादजीला कवायती पायदळाची किंमत कुणी सांगायची गरज नव्हती. १७६१ मध्ये पानिपतावर तो होता, आणि तिथून उरलेल्या आयुष्यासाठी लंगडा पाय घेऊन परतला होता. त्या लढाईत भाऊसाहेबांच्या बाजूने इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी आणि तोफा लढल्या. पुढे इंग्रजांशी झालेल्या युद्धात, १७८० मध्ये, पॉपहॅमने एका रात्रीत ग्वाल्हेरचा किल्ला घेतला, आणि पुढच्याच वर्षी कॅमॅकने शिंद्यांच्या छावणीवर रात्री छापा घातला. शिस्तीने चालणारी थोडी माणसे काय करू शकतात, हे महादजीने मार खाऊन शिकले होते.

१७८४ मध्ये बाजारात एक माणूस आला. सॅव्हॉयमधल्या शांबेरी गावचा बन्वा द बॉयन. फ्रान्सच्या आयरिश पलटणीत तो होता, मग रशियाच्या बाजूने लढताना तुर्कांच्या कैदेत सापडला, सुटून हिंदुस्थानात आला आणि मद्रासच्या इंग्रजी फौजेतली नोकरी सोडून उत्तरेत भटकत होता. त्याने प्रथम आपला माल दाखवला तो महादजीच्या शत्रूला. महादजीने गोहदच्या राण्याला जेरीस आणले होते. आगाऊ पैसे द्या, मी पलटणी उभ्या करून वेढा उठवून देतो, असे द बॉयनने राण्याला कळवले. राण्याने पैसे दिले नाहीत. पण शत्रूला धाक बसावा म्हणून ती योजना मात्र बाहेर फोडली. धाक बसला की नाही कोण जाणे, महादजीचे लक्ष मात्र वेधले गेले. एकाने नाकारलेला माणूस दुसऱ्याने उचलला.

सौदा साधा होता. साडेआठशे माणसांच्या दोन पलटणी उभ्या करायच्या. द बॉयनला महिना एक हजार रुपये आणि दर शिपायामागे आठ रुपये. शिपायाला तो साडेपाच रुपये देई आणि उरलेल्यातून हाताखालच्या युरोपीय अंमलदारांचा खर्च भागवी. म्हणजे महादजीने विकत घेतली ती एका माणसाची तलवार नव्हे. भरती, कवायत, पगारवाटप आणि शिस्त यांचा एक अख्खा कारखानाच त्याने मक्त्याने दिला. तोफा ओतायला सँगस्टर नावाचा स्कॉट माणूसही त्याच कारखान्यात आला.

पहिली परीक्षा विजयाची नव्हे, पराभवाची होती. १७८७ मध्ये लालसोटच्या मोहिमेत राजपुतांपुढे महादजीचा डाव उधळला. पगार थकलेल्या बादशाही पलटणी तोफांसकट शत्रूला जाऊन मिळाल्या. द बॉयनच्या पलटणी हलल्या नाहीत. पुढच्या वर्षी चकसाणाला पुन्हा माघार घ्यावी लागली, तेव्हाही त्या मोडल्या नाहीत, आणि काही आठवड्यांतच आग्र्याजवळ इस्माइल बेगाचा पराभव करताना त्या आघाडीवर होत्या. खेळातल्या ताऱ्यांत ‘हरताना टिकणे’ हा गुण सहसा नसतो. खऱ्या फौजेत मात्र तोच सर्वांत महाग गुण.

एवढे होऊनही महादजी लगेच भुलला नाही. द बॉयनने फौज कितीतरी पटीने वाढवून मागितली, तेव्हा महादजीने हात आखडता घेतला. द बॉयन राजीनामा देऊन लखनौला व्यापार करायला गेला. राजपूत आणि इस्माइल बेग पुन्हा एकत्र येताहेत असे दिसल्यावर महादजीने त्याला परत बोलावले आणि दहा पलटणींचा कंपू मंजूर केला. त्याचे फळ १७९० सालीच पदरात पडले. २० जूनला पाटणची लढाई आणि १० सप्टेंबरला मेडत्याची. मेडत्याला राठोडांच्या घोडदळाने मरणाची पर्वा न करता हल्ले चढवले आणि पलटणींच्या चौकोनांवर ते फुटले. पुढे तीन कंपू झाले. पुण्याला १२ फेब्रुवारी १७९४ रोजी महादजी वारला, तेव्हा दिल्लीच्या बादशहाचा कारभार, दुआबाचा मोठा मुलूख आणि राजपुतान्याची खंडणी हे सारे त्या संगिनींच्या आधारावर उभे होते. त्या दिवशी कुणी हिशेब केला असता तर म्हटले असते की सेनापती स्वस्तात मिळाला.

पण किमतीचा एक भाग करारात रुपयांनी लिहिलेला नव्हता. तीन कंपूंचा पगार रोख कुठून द्यायचा? म्हणून अलीगढभोवतीचा दुआबातला मुलूख फौजेच्या खर्चासाठी द बॉयनच्या हाती सोपवण्यात आला. वसुली तोच करी, तीतून पगार तोच वाटी. पगार वेळेवर मिळे, जखमी शिपायाला मदत मिळे. म्हणून तर शिपाई त्याच्यासाठी मरायला तयार असत. पण शिपायाच्या नजरेला धनी कोण दिसत होता? उज्जैनचा शिंदा, की अलीगढचा साहेब?

मराठी फौजेला हा प्रश्न नवा नव्हता. त्यासाठी आपल्याकडे दोन शब्दच होते, बारगीर आणि शिलेदार. बारगिराचा घोडा सरकारचा, शिलेदाराचा स्वतःचा. शिलेदार शूर नसे असे नाही. पण त्याचा घोडा पडला तर त्याचे भांडवल बुडे, म्हणून तो जपून लढे आणि परवडेनासे झाले की दुसरीकडे जाई. शिवाजी महाराजांचा कल बारगिरांकडे आणि रोख वेतनाकडे होता, तो यासाठीच. महादजीने द बॉयनला घेतले ते बारगीर म्हणून. मुलूख हाती देऊन त्याला शिलेदार करून टाकले, तोही पलटणींचा शिलेदार.

आणखी एक अट होती. इंग्रजांविरुद्ध मी लढणार नाही, हे द बॉयनने साफ सांगितले होते. महादजीने ते मान्य केले, कारण सालबाईच्या तहानंतर इंग्रजांशी लढायचा त्याचा विचार नव्हता आणि त्यांना दूर ठेवण्याचे राजकारण तो स्वतः सांभाळत होता. त्याच्या हातात ही अट निरुपद्रवी होती. पण ज्या एका शत्रूसाठी ही फौज पुढे लागणार होती, नेमक्या त्याच शत्रूपुढे न चालणारी तलवार त्याने पुतण्याच्या वारसासाठी मागे ठेवली. १७९५ च्या अखेरीस द बॉयनने चाकरी सोडली. जाताना त्याने दौलतरावाला बजावले की इंग्रजांना डिवचू नकोस. त्यांना या पलटणी खुपत असतील तर त्या मोडून टाक, पण लढू नकोस. सल्ला प्रामाणिक असेलही. पण विकलेली वस्तू कशासाठी वापरू नये, हे विकणाराच सांगत होता.

त्याच्यामागून पेरॉन आला. तोही शूर होता. कानोडच्या वेढ्यात त्याचा एक हात गेला होता, आणि १७९५ मध्ये खर्ड्याला निजामाच्या रेमाँविरुद्ध शिंद्यांच्या पलटणी त्यानेच लढवल्या होत्या. तो अलीगढला जवळजवळ राजासारखा राहू लागला. दौलतराव पुण्याच्या कटकटींत गुंतला होता. उत्तरेत आपले काय चालले आहे ते पाहायला त्याला फुरसत नव्हती.

१८०३ च्या ऑगस्टमध्ये युद्ध सुरू होताच इंग्रजांनी जाहीरनामा काढला. शिंद्याच्या चाकरीतले जे युरोपीय अंमलदार सोडून येतील, त्यांच्या उत्पन्नाची सोय कंपनी करील. जुन्या संगणकी युद्धखेळांत वकील पाठवून शत्रूचा सेनापती लाच देऊन फोडता येतो. वेलस्लीने तेच एका कागदावर केले. पेरॉनने पहिल्या चकमकीनंतर काढता पाय घेतला आणि इंग्रजांकडून लखनौपर्यंत सुखरूप जाण्याची परवानगी मागितली. त्याची बाजूही ऐकायला हवी: दौलतरावाने त्याच्या जागी अंबाजी इंगळ्याला नेमायचे ठरवले होते, आणि हे त्याला कळले होते. ४ सप्टेंबरला अलीगढ पडले. किल्ल्याच्या दरवाजाची वाट इंग्रजांना दाखवली ती शिंद्याच्याच चाकरीतून फुटलेल्या ल्यूकन नावाच्या अंमलदाराने. ११ सप्टेंबरला दिल्लीची लढाई झाली, आणि त्यानंतर तिथला सेनापती बूर्कें इंग्रजांच्या स्वाधीन झाला.

आणि शिपाई? २३ सप्टेंबरला असईला पलटणींनी आणि गोलंदाजांनी आर्थर वेलस्लीची दीड हजारांहून अधिक माणसे मारली किंवा जखमी केली. १ नोव्हेंबरला अलवरजवळ लासवारीला उरलेल्या पलटणी लढल्या, तेव्हा त्यांच्यापाशी युरोपीय अंमलदार उरलेलेच नव्हते. गोलंदाज तोफेशी उभे राहून संगिनीने मेले. जनरल लेकने गव्हर्नर जनरलला कळवले की ही माणसे विलक्षण लढली. फ्रेंच अंमलदार असते तर निकाल काय लागला असता सांगता येत नाही.

लेकच्या या वाक्यावरून सेनापतीच किती मोलाचा असतो, असा निष्कर्ष काढता येईल. त्यात तथ्यही आहे. पण पलटणी उभ्या राहून तेव्हा एकोणीस वर्षे झाली होती. एकोणीस वर्षांत शिपाई तयार झाले, तोफा ओतल्या गेल्या, सुभेदार आणि जमादार झाले. पण त्यांतल्या एकालाही कंपू चालवायला शिकवले गेले नाही. वरची जागा नेहमी बाहेरून भरली जाई. सेनापती विकत मिळतो हीच सोय घातक ठरली, कारण तो घडवण्याची गरजच कुणाला वाटली नाही.

भाडोत्री माणूस म्हणजे बेइमान, असा याचा अर्थ नव्हे. इब्राहिमखानही निजामाकडून आलेला, पगारासाठी हटून बसणारा. समकालीन लेखक काशीराज सांगतो की पानिपतच्या सकाळी तो भाऊसाहेबांना म्हणाला: पगाराच्या तगाद्यामुळे तुम्ही माझ्यावर रुष्ट होता; तो पैसा आम्ही फुकट घेतला नाही, हे आज दिसेल. त्याच्या पलटणी रोहिल्यांशी लढत कापल्या गेल्या, तो पकडला गेला आणि मारला गेला. उलट, १७७३ मध्ये नारायणराव पेशव्याचा खून करणारेही पगाराच्या तगाद्याने वाड्यात शिरलेले गारदीच होते. तेव्हा फरक जातीत, धर्मात किंवा चामड्याच्या रंगात शोधू नये. घेणारा माणूस त्या माणसाला कशाने बांधतो आणि त्याच्याविना चालेल अशी तजवीज करतो की नाही, यावर सौद्याचे मोल ठरते.

डिसेंबर १८०३ च्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने दौलतरावाचा दुआब गेला. इंग्रजांशी वैर असलेल्या देशांची माणसे त्यांच्या संमतीशिवाय चाकरीत ठेवणार नाही, हेही त्याला लिहून द्यावे लागले. बाजारात जायचा हक्कच संपला.

द बॉयन शांबेरीला श्रीमंतीत जगला आणि १८३० मध्ये वारला. गावाने त्याच्या स्मरणार्थ चार हत्तींचे कारंजे उभारले. पण या हकिकतीतला महत्त्वाचा माणूस दुसराच आहे. जेम्स स्किनर, बाप स्कॉट आणि आई राजपूत, याच फौजेत वाढलेला, याच मुलखाची भाषा बोलणारा. युद्ध लागताच इंग्रज रक्ताचा म्हणून पेरॉनने त्याला संशयाने काढून टाकले. दिल्ली पडल्यावर पेरॉनचे घोडेस्वार इंग्रजांकडे आले आणि त्यांनी आपला म्होरक्या म्हणून स्किनरला निवडले. ते रिसाले त्याच्या नावाने भारतीय सैन्यात आजही आहेत. त्याने चाकरी पत्करली ती एका अटीवर: माझा जुना धनी शिंदा, त्याच्याविरुद्ध मला पाठवायचे नाही. शिंद्याच्या घरात घडलेला, शिंद्याचे मीठ स्मरणारा सेनापती होता. त्याला कुणी विकत घेतला नव्हता, आणि म्हणूनच कदाचित त्याची किंमत कुणाला कळली नाही.